दोनशे चौसष्ट लग्नं

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढायचं ठरलं तेव्हा चुलतभावाने सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर एक लांबलचक तक्ता पाठवला. ज्याने त्याने आपापल्या शाखेचे रकाने भरायचे. आमच्या शाखेचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण "तुला लिहायची आवड आहे." पणजोबांचा रकाना भरायला काही वेळ लागला नाही. जन्म, मुंज, मामलेदार कचेरीतली नोकरी, काशीयात्रा, दोन विहिरी खणल्या, त्यातल्या एकीला पाणी लागलं, हे सगळं जुन्या आवृत्तीत छापलेलंच होतं. त्याखाली 'पत्नी' असा रकाना आणि त्यात एक आडवी रेघ. मी आत्याला फोन लावला. आत्या नव्वदीला आलेली, पण डोकं तल्लख. म्हणाली, "अगं, तिला सगळे काकीच म्हणायचे. आम्हीसुद्धा काकीच. नाव कोण कशाला घेईल?" मग जरा थांबून म्हणाली, "उजव्या करंगळीचं पेर नव्हतं तिला. फणस चिरताना विळीवर गेलं. तरी तिच्या भाकरीला कधी चीर गेली नाही हो." माहेर कुठलं विचारलं तर "घाटाखालचं" एवढंच. हे सगळं भावाला सांगितलं, तर तो म्हणाला, "मग रेघच ठेवतो. करंगळीचा रकाना नाहीये त्यात." तो आपला गमतीने म्हणाला, मीही हसले.

पण ती रेघ टोचत राहिली.

त्याच सुमाराला मी हिल्मा ग्रानक्विस्ट वाचत होते. फिनलंडची ही समाजशास्त्रज्ञ आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नाही. खुद्द तिच्या देशातही ती बराच काळ अडगळीतच होती. बेथलेहेमजवळच्या आर्तास नावाच्या एका खेड्यात ती राहिली, तिथल्या बायकांचं बोलणं लिहून घेतलं आणि त्या लिहून घेतलेल्यावर उरलेलं आयुष्य काढलं. एका गावावर पाच पुस्तकं. लग्नावर दोन खंड, जन्म आणि बाळपणावर एक, मुलांच्या प्रश्नांवर एक आणि मरणावर एक. शेवटचं निघालं तेव्हा बाई पंचाहत्तरीला टेकल्या होत्या. लग्नाच्या पुस्तकात वंशावळी आहेत. संगणकाच्या पडद्यावर त्या बारीक अक्षरांतल्या रेघा मोठ्या करून बघताना माझ्या लक्षात आलं, की इथे बायका आहेत. कुठल्या कुळातली, कुठल्या गावची, तिच्यासाठी मुलीच्या बापाला देज काय दिलं की साटंलोटं झालं, पहिलेपणाची की विधवा असताना आलेली. अख्ख्या गावातली, मागच्या शंभरेक वर्षांतली लग्नं तिने जमवली. २६४ लग्नं. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांच्या आठवणीतून.

आमच्या घराण्यात तर पिढ्यान् पिढ्या लिहिणारे कारकून होते.

हिल्माचा जन्म १८९० चा, हेलसिंकीजवळच्या सिपो गावचा. घरची भाषा स्वीडिश. आधी ती शिक्षिका झाली, शाळेत शिकवलं, मग विद्यापीठात गेली. तिच्या वाढत्या वयातला फिनलंड मोठा चमत्कारिक देश होता. १९०६ साली तिथल्या बायकांना मताचा हक्क मिळाला, युरोपात सगळ्यांच्या आधी, आणि पुढच्याच वर्षी दोनशे जणांच्या संसदेत १९ बायका निवडून गेल्या. हिल्मा तेव्हा सोळा-सतरा वर्षांची. हे आपण ऐकून असतो, त्याचं कौतुकही करतो. पण त्याच देशात १९०१ पर्यंत मुलीला विद्यापीठात नाव घालायचं तर आधी एक खास परवानगी काढावी लागे. स्त्री असण्याच्या अडचणीतून सूट मिळावी, असा तो अर्ज. कुणीतरी टेबलामागे बसून तो वाचत असेल, वर शेरा मारत असेल, "सूट मंजूर." हिल्मापर्यंत हा नियम उठला होता, पण तो शेरा मारणारी माणसं काही एका रात्रीत निवृत्त झाली नसणार. विद्यापीठांचं असंच असतं. नियम जातो, खुर्ची राहते.

तिला प्रबंध लिहायचा होता बायबलच्या जुन्या करारातल्या स्त्रियांवर. सारा, रिबेका, राहेल, रूथ. त्यासाठी ती बर्लिनला शिकली. इथे मला आपल्या इरावतीबाई कर्वे आठवतात. त्याही बर्लिनला गेल्या, हिल्मानंतर थोड्याच वर्षांनी, १९२८ च्या सुमारास. दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण त्यांच्या वाटा एकमेकींच्या उलट गेल्या याची मला गंमत वाटते. इरावतीबाई नातेसंबंधांच्या तक्त्यांतून, मामे-आते भावंडांच्या हिशेबातून चालत चालत कुंती-द्रौपदीपाशी पोचल्या. हिल्मा रूथ-राहेलपाशी सुरू झाली आणि नातेसंबंधांच्या तक्त्यांपाशी पोचली.

ते कसं झालं, तर १९२५ साली ती जेरुसलेमला गेली. तिथल्या जर्मन संस्थेत आल्ब्रेख्त आल्ट नावाच्या नामवंत अभ्यासकाचा अभ्यासवर्ग होता. प्राचीन स्थळं बघायची, उत्खननं बघायची, बायबलमधलं गाव कुठलं आणि आत्ताचं टेकाड कुठलं ते जुळवायचं. हिल्माने ते सगळं केलं. पण दगडांत तिला बायका सापडेनात. खापराच्या तुकड्यावरून राजाचा काळ सांगता येतो. सासूचं आणि सुनेचं कशावरून बिनसलं हे नाही सांगता येत. मग तिने सरळ एका जिवंत खेड्यात जाऊन राहायचं ठरवलं. एकटी, अविवाहित, पस्तिशीची बाई. १९२५ ते २७ आणि पुन्हा १९३०-३१ अशा दोन मुक्कामांत ती तिथे राहिली.

आर्तास बेथलेहेमच्या नैर्ऋत्येला, जेमतेम चालत जाण्याच्या अंतरावर. अरुंद दरी, उतारावर दगडी बांध घालून केलेल्या पट्ट्या, ऑलिव्ह, अंजीर, द्राक्षं. दरीच्या वरच्या अंगाला सुलेमानचे म्हणून ओळखले जाणारे तीन प्रचंड जुने तलाव, ज्यांचं पाणी एके काळी पाटांनी जेरुसलेमपर्यंत जायचं. गावाला स्वतःचा झरा, म्हणून भाजीपाला उत्तम. चार-पाचशे वस्ती, मोजकी कुळं. फोटोंत बायका दिसतात त्या लांब झग्यांतल्या, छातीवर दाट भरतकाम, डोक्यावर पांढरी ओढणी आणि तिच्यावर टोपली नाहीतर घडा. भाजी घेऊन त्या बेथलेहेमच्या बाजाराला जात. घरं दगडी, कमानदार, आतून अंधारी; ओट्यावर माणसं आणि खाली जनावरं. भाकरी भाजायच्या मातीच्या भट्टीला तिथे ताबून म्हणतात. तिला शेणकुटांची राख लावून ठेवतात म्हणजे आच टिकते. तो वास हिल्माच्या कपड्यांना, वह्यांना, केसांना लागला असणार. फिनलंडला परत गेल्यावर पेटी उघडताना तो आधी आला असणार, असं मला उगीच वाटत राहतं. पुस्तकात तिने असलं काही लिहिलेलं नाही. ती फार शिस्तीची बाई. स्वतःबद्दल जवळजवळ गप्प.

गावात लुईझ बाल्डेन्स्पर्गर नावाची एक म्हातारी बाई राहत होती. मूळ आल्सासच्या मिशनरी कुटुंबातली, पण पॅलेस्टाइनमध्येच वाढलेली, अरबी गावच्या बाईसारखी बोलणारी, रानातल्या प्रत्येक झुडपाचं औषध ठाऊक असलेली. हिल्मा तिच्या घरात राहिली. गावाने हिचं नाव आपल्या जिभेला सोपं करून घेतलं, सित्त हलीमे. सित्त म्हणजे बाईसाहेब. आणि मग या घरात दोघी जणी यायला लागल्या, आलिया इब्राहिम आणि हमदिये सनद. दोघी उतारवयाच्या, दोघींनी गावातलं सगळं पाहिलेलं. त्या सांगत, लुईझ अडेल तिथे समजावून देई आणि हिल्मा तोंडचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेई. लग्नात म्हणायची गाणी, मयतातले विलाप, कुणाच्या सुनेला कुणी काय म्हटलं, कुठलं बाळ का दगावलं. तिच्या पुस्तकांत ही वाक्यं त्यांच्या नावानिशी येतात. हे आलियाने सांगितलं. हे हमदियेने सांगितलं, पण आलियाला ते पटलं नाही. त्या काळी, आणि खरं सांगायचं तर आजही, अभ्यासक लिहितात "या जमातीत अशी समजूत आहे." कुणाची समजूत? जमात काही बोलत नाही. बोलते ती ओट्यावर बसून डाळ निवडणारी एक बाई, आणि तिच्या शेजारी बसलेली दुसरी तिला अडवते, "असं नव्हतं ते."

या अडवण्याला हिल्माने पुस्तकात जागा ठेवली. मला तिचं मोठेपण तिथे वाटतं.

आता ती २६४ लग्नं. आपल्याकडे चुलतभाऊ म्हणजे सख्ख्यासारखाच, त्याच्याशी लग्नाचा विचारही कुणाच्या मनात येणार नाही. मामाच्या मुलीवर मात्र हक्क. तिकडे बरोबर उलटं. चुलतभाऊ हाच पहिला हक्कदार. नवरी घोड्यावर बसून दुसऱ्याच्या घरी निघाली असली तरी चुलतभाऊ तिला खाली उतरवू शकतो, अशी त्यांच्यात म्हणच आहे. गावात कुणालाही विचारा, लग्न कुणाशी करावं? उत्तर एकच, चुलत्याच्या मुलीशी. बाहेरून आलेले अभ्यासक हे ऐकत आणि "अरब चुलत घराण्यात लग्नं करतात" असं लिहून मोकळे होत. हिल्माने यादी काढली. २६४ लग्नांतली सख्ख्या चुलत भावंडांची निघाली जेमतेम १३ टक्के. आपल्याच कुळातली म्हणाल तर साधारण एक तृतीयांश. बाकीच्या बायका दुसऱ्या कुळांतल्या नाहीतर परगावच्या. म्हणजे माणसं जे बोलतात आणि माणसं जे करतात त्यांच्यामधलं अंतर तिने मोजून दाखवलं, आणि त्यासाठी तिला कुणाला खोटं पाडावं लागलं नाही. दोन्ही खरं आहे. चुलत्याची मुलगी उत्तम हेही खरं, आणि ती बहुतेकांना मिळत नाही, परवडत नाही, किंवा नको असते, हेही खरं. आपल्याकडे पत्रिका जुळवल्याशिवाय पाऊल पुढे टाकायचं नाही म्हणणाऱ्या घरांतल्या खऱ्या लग्नांची अशी यादी कुणीतरी काढायला हवी.

साटंलोट्यावरची तिची पानं वाचताना तर मला सारखं वाटत होतं, की हे सातारा-सांगलीकडे कुणाला समजावून सांगायची गरजच नाही. तुझी बहीण माझ्या भावाला, माझी तुला. देज वाचतं. पण एकीकडे भांडण झालं की दुसरीकडची, बिचारीचा काही संबंध नसताना, माहेरी आणून बसवली जाते. आणि जिथे देज घेतात तिथे वेगळा हिशेब. मुलीच्या देजातून मुलाची बायको आणायची. म्हणजे भावाचा संसार बहिणीच्या पैशावर उभा. हे दोघांनाही माहीत असतं, आणि त्यातून एक न बोललेलं देणं तयार होतं.

दुसऱ्या खंडात रुसून माहेरी गेलेल्या बायकांबद्दल लिहिलेलं आहे. अशा बाईला तिथे हरदाने म्हणतात आणि तिचे नियम ठरलेले. नवऱ्याने मारलं, सासूने अपमान केला, कबूल केलेला झगा आणला नाही, की बाई उठते आणि बापाच्या घरी जाऊन बसते. ती आपण होऊन परत येत नाही. नवऱ्याला, त्याच्या बापाला, गावातल्या वडीलधाऱ्यांना तिच्या दारात जावं लागतं, बोलणी होतात, चूक कुणाची ते ठरतं, काहीतरी भेट द्यावी लागते. तोवर इकडे पोरं, जनावरं, शेत आणि भट्टी यांचे हाल. गावात सगळ्यांना कळतं. म्हणजे हे रुसणं चारचौघांत मांडलेली फिर्याद असते. पण फिर्याद करायला माहेर जवळ हवं. त्याच गावात बाप-भाऊ असलेली बाई आणि लांबून आणलेली बाई यांच्यात इथे जमीन-अस्मानाचा फरक पडतो. लांबच्या बाईला संध्याकाळी उठून जायला जागाच नाही. तिला मारलेलं कुणाला कळत नाही. हिल्माने हे दोन बाजूंनी मांडलंय, एकीकडे कुठली बाई कुठल्या कुळातून आली त्याचा हिशेब आणि दुसरीकडे आलिया-हमदियेच्या तोंडच्या हकिगती, आणि दोन्ही एकत्र वाचल्या की चुलतभावाशी लग्न हे काही बायकांना स्वतःलाही का बरं वाटत असेल ते उमगतं. सासरच माहेराला खेटून.

आणि म्हणून बहिणी बापाच्या जमिनीतला वाटा भावाला सोडून देत. शरियतीप्रमाणे मुलीला वाटा आहे, मुलाच्या निम्मा. तो बहुतेक जणी मागत नसत. मागितला की भाऊ दुरावला, भाऊ दुरावला की हरदाने होऊन जायचं कुठे? हे वाचलं आणि मी पुस्तक बंद करून बराच वेळ बसून राहिले. आमच्या आईने आणि मावश्यांनी मामांना हक्कसोडपत्र करून दिलं ते दुय्यम निबंधकाच्या कचेरीत, एका उन्हाळ्यात. मी तिच्यासोबत गेले होते. घामाच्या, शाईच्या आणि रद्दीच्या वासाची खोली, वर कुरकुरणारा पंखा. अंगठ्याचा ठसा यंत्रावर नीट उमटेना, तर आई पदराला अंगठा पुसून पुन्हा पुन्हा लावत होती, जणू चूक तिचीच होती. बाहेर आल्यावर मामाने सगळ्यांना उसाचा रस पाजला. मी घरी येऊन आईशी भांडले. कायद्याने मिळालेलं कुणी असं देतं का? ती म्हणाली, "मला दिवाळीला जायला घर लागतं." मला तेव्हा त्या वाक्याचा संताप आला होता आणि खरं सांगते, तो संताप अजून पुरता गेलेला नाही. कारण तो सौदा बरोबरीचा नव्हता. भाऊबिजेच्या साडीची आणि दोन एकर बागायतीची किंमत एक नाही. पण आईला हिशेब कळत नव्हता असं म्हणायची सोय आता राहिली नाही. तिला तो माझ्यापेक्षा चांगला कळत होता.

हिल्मा यावर शेरा मारत नाही. "बिचाऱ्या" म्हणत नाही आणि "किती शहाण्या" असंही म्हणत नाही. याचं एक कारण मला नंतर सुचलं. ती आर्तासमध्ये नवऱ्याच्या नि बापाच्या अधिकाराची टिपणं काढत होती तेव्हा तिच्या स्वतःच्या देशात काय होतं? फिनलंडमध्ये लग्न झालेली बाई कायद्याने नवऱ्याच्या पालकत्वाखाली होती. तो कायदा बदलला १९२९ साली आणि अमलात आला १९३० च्या जानेवारीत. संसदेत बसून कायदे करणारी बाई घरी मात्र नवऱ्याच्या देखरेखीखाली, असा जवळजवळ पाव शतक कारभार. हिल्माचा पहिला मुक्काम या बदलाच्या आधीचा, दुसरा नंतरचा. तिचं स्वतःचं लग्न झालं नाही. अविवाहित बाई तिथे स्वतःची धनी असे. तेव्हा आर्तासच्या बायकांकडे उंचावरून बघायला तिच्याकडे फारशी उंची नव्हती, आणि ती हे ओळखून होती असं तिच्या लिहिण्याच्या सुरावरून वाटतं.

आणखी एक मोह तिने टाळला. त्या काळी युरोपातून पॅलेस्टाइनला येणाऱ्याला प्रत्येक मेंढपाळात दावीद आणि विहिरीवरच्या प्रत्येक पोरीत रिबेका दिसायची. हिल्मा आलीच होती रिबेकासाठी, तेव्हा तिला तर हे सोपंच होतं. आर्तासमध्ये नवजात बाळाला तेल आणि मीठ चोळून घट्ट गुंडाळून ठेवत. बायबलमधल्या यहेज्केलच्या ग्रंथात नेमकं याच मीठ चोळण्याचं आणि गुंडाळण्याचं वाक्य आहे. असा धागा सापडल्यावर कुणाचंही काळीज उडी मारेल. पण आजच्या गावाला सरसकट बायबलचा नमुना समजण्यात धोका आहे, असा इशारा तिने पहिल्याच पुस्तकात दिला. आलिया ही आलिया आहे, तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुणाची तरी जपून ठेवलेली प्रत नाही.

हे सगळं घेऊन ती हेलसिंकीला परतली, तर तिथल्या विद्यापीठाने प्रबंध स्वीकारला नाही. एकच गाव? तेवढ्यावरून विवाहसंस्थेबद्दल काय सांगणार? समाजशास्त्र म्हणजे तेव्हा जगभरच्या चालीरीती शेजारी शेजारी मांडून त्यातून मोठे सिद्धांत काढणं. गंमत अशी, की या पद्धतीचा सगळ्यात नावाजलेला माणूस फिनलंडचाच, एडवर्ड वेस्टरमार्क. मानवी विवाहाचा इतिहास त्याने १८९१ सालीच लिहिला होता, अख्ख्या पृथ्वीवरची उदाहरणं गोळा करून. आणि हिल्माच्या मागे उभा राहिला तो हाच वेस्टरमार्क. तो तेव्हा तुर्कूच्या ओबो अकादमी या विद्यापीठात होता. तो स्वतः वर्षानुवर्षं मोरोक्कोत जाऊन राहिलेला होता, तेव्हा एका गावात किती माल असतो याची त्याला कल्पना असावी. हिल्माला पदवी मिळाली ती १९३२ मध्ये, त्या दुसऱ्या विद्यापीठाची.

नोकरी मात्र कुणीच दिली नाही. विद्यापीठात कायमचं पद तिला कधीच मिळालं नाही. तुटपुंज्या शिष्यवृत्त्या, अनुदानं, अर्ज, पुन्हा अर्ज. इरावतीबाईंना १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात जागा मिळाली आणि निवृत्तीपर्यंत त्या तिथे राहिल्या, विद्यार्थी घडवले, शिव्या दिल्या, स्कूटर चालवली. पारतंत्र्यातल्या देशात हे झालं, आणि युरोपात बायकांना सर्वांत आधी मत देणाऱ्या देशात झालं नाही. यातून फार मोठा निष्कर्ष काढायला मी तयार नाही. कर्व्यांच्या घरची सून असणं ही काही साधी गोष्ट नव्हती. सिपोच्या हिल्मामागे असं कुठलं घर नव्हतं. तिने दुसऱ्यांच्या माहेर-सासरच्या बळाची इतकी बारीक नोंद केली, आणि स्वतः ज्या जगात वावरली तिथे ती लांबून आलेली बाईच राहिली.

पुस्तकं मात्र येत गेली. फिनलंड युद्धात होरपळला, त्यातून बाहेर आला. १९४७ साली जन्मावरचं पुस्तक, १९५० साली मुलांवरचं, आणि मग पंधरा वर्षांनी मरणावरचं. वीस-तीस वर्षांपूर्वीच्या वह्यांतून. १९४८ साली इस्रायल झालं, त्यानंतर आर्तासच्या उशाला, बेथलेहेमच्या रस्त्यावर, देहैशेची निर्वासितांची छावणी उभी राहिली. आधी तंबू, मग खोल्या, मग खोल्यांवर खोल्या. हिल्माच्या पुस्तकांच्या नावांवरून ही पडझड नकळत वाचता येते. १९३१ च्या पुस्तकाच्या नावात आहे "पॅलेस्टाइनमधलं एक खेडं". १९६५ च्या पुस्तकाच्या नावात तेच खेडं "जॉर्डनमधलं" झालं आहे. झरा तिथेच, बांध तिथेच, कबरीही तिथेच. आणखी दोन वर्षांनी, १९६७ मध्ये, तो भाग इस्रायलच्या ताब्यात गेला आणि तेही नाव जुनं झालं. १९७२ साली हिल्मा गेली. तिच्या वह्या आणि फोटो लंडनच्या पॅलेस्टाइन एक्सप्लोरेशन फंडाकडे गेले, आणि १९८१ मध्ये फोटोंचं पुस्तक निघालं तेव्हा कुठे लोकांना तिची नव्याने आठवण झाली.

तिच्याबद्दल माझं मन सरळ नाही. आलिया आणि हमदियेने सांगितलेलं सगळं इंग्रजीत छापलं गेलं, जे त्या दोघींना वाचता येणं शक्य नव्हतं. त्या वेळी देशावर इंग्रजांचा अंमल होता आणि गावातल्या बायका एका मिशनरी घराच्या ओट्यावर बसून एका बाईसाहेबांना आपल्या लेकी-सुनांच्या गोष्टी सांगत होत्या. मुखपृष्ठावर नाव एकीचंच. आणि तरी, ती आली नसती तर? नंतरच्या काळात पॅलेस्टिनी अभ्यासक आपल्या खेड्यांचं जुनं जगणं शोधायला निघाले तेव्हा हीच पुस्तकं हाताशी आली. आर्तासमध्ये सनद आडनावाच्याच एका गावकऱ्याने, मूसा सनद यांनी, १९९३ मध्ये लोकसंस्कृतीचं केंद्र काढलं. गावात दर वर्षी लेट्यूसचा सण भरतो, नाच-गाणी होतात, बायका आपलं भरतकाम मांडतात.

माझं हिल्माशी खरं भांडण वेगळंच आहे. तिच्या वंशावळीत बायका नावानिशी आहेत, माहेरानिशी आहेत, पण रेघा खाली उतरतात त्या पुरुषांकडूनच. कुळ पुरुषाचं, तेव्हा तिने गावाचा हिशेब गावाच्याच पद्धतीने मांडला, हे मला कळतं. पण तिला सगळं माहीत होतं. कुणाची आई कुठल्या घरातली, तिची आई कुठली, कुठल्या मावशीने कुणाचं लग्न जुळवलं, हे सगळं आलिया आणि हमदिये तिला रोज सांगत होत्या. आईकडून लेकीकडे, लेकीकडून नातीकडे उतरणारा एक तक्ता तिला काढता आला असता. त्यात सगळी कुळं एकमेकांत अशी गुंतली असती की छापखान्यातल्या माणसाने हात टेकले असते, आणि प्रबंध तपासणाऱ्यांनी तो आणखी एकदा परत पाठवला असता. तरी काढायला हवा होता.